डाळज ते मद्रास

विजयसिंहनं नकाशा टेबलावर पसरला आणि बोट उजनीच्या पाण्यावर ठेवलं. "डाळजवरून सुटायचं. धरणाजवळ होडी टेम्पोत घालून पलीकडं उतरवायची. पुढं भीमा, रायचूरच्या अलीकडं कृष्णा. विजयवाड्याला कालव्यात शिरायचं, आणि समुद्राच्या कडेकडेनं मद्रास!"

मनीषा समोर बसून ऐकत होती. ही सगळी वाट तिच्या भावाची, सिद्धूची होती. बारामतीच्या कॉलेजात असताना त्यानंच ती शोधून काढली आणि विजयसिंहला सोबत घेतलं. पण शहाण्णव साली सरावाला म्हणून दोघं डाळजच्या पाण्यात उतरले आणि सिद्धू परत आला नाही. "तरंगायचं जॅकेट काढून पोहायला गेला, ऐकलंच नाही माझं," असं विजयसिंह सगळ्यांना रडत सांगत होता.

वर्षभरानं मासे विकणारी प्रयागबाई मनीषाला म्हणाली, "पोरी, त्यो विजयसिंह काठाला आला तवा एक जॅकेट अंगात व्हतं नि दुसरं छातीशी धरल्यालं. मला कुनी इचारलंच न्हाय."

आणि आता दोन वर्षांनी तोच विजयसिंह 'सिद्धू स्मृती जलयात्रा' काढत होता. दिवाळीनंतर डाळजला मांडव, पाहुणे, पेपरवाले. सोबतीला मात्र कोणी मिळत नव्हतं. मनीषा आपणहून त्याच्याकडे गेली. "विजयदादा, मी येते. त्याचं राहिलेलं पुरं करू," म्हणाली. त्याचे डोळे भरून आले. तिला त्याची किळस आली.

पुढच्या काही महिन्यांत तिनं सगळं मन लावून केलं. वल्हं मारून तळहाताला घट्टे पाडले. मुक्कामाची गावं ठरवली, कुठं धान्य मिळेल, कुठं होडी उचलून न्यावी लागेल, ते विचारून घेतलं. श्रीशैलमच्या अलीकडं, जिथं दोन्ही बाजूंना नुसता डोंगर आणि जंगल, तिथं तिनं बोट टेकवलं.

"इथं एक मुक्काम करू, दादा."

"इथं? वस्तीच नाही."

"म्हणूनच. निवांत."

तिथंच त्याला सोडायचा, हे तिनं पक्कं केलं होतं. पण तितकं लांब जावंच लागलं नाही.

दसरा झाल्यावर दोघं डाळजला सरावाला गेले. धरण तुडुंब भरलेलं, ऊन चटका देणारं. "उकडतंय, जॅकेट काढून ठेवा. पाणी शांत आहे," ती म्हणाली. त्यानं काढलं. तिनं ते हळूच आपल्या पायाखाली घेतलं. दुपारी भिगवणच्या बाजूनं काळं भरून आलं, वारा सुटला. विजयसिंह दोरी आवरायला उभा राहिला आणि लाटेसरशी पाण्यात गेला.

तो वर आला, होडीचा काठ धरला. "मनीषा, जॅकेट!"

तिनं वल्हं त्याच्या बोटांवर ठेवलं आणि दाबलं. "सिद्धूचं जॅकेट तुझ्याकडं कसं आलं?"

"काय बोलतेस तू! हात दे!"

तिनं आणखी दाबलं. एक हात सुटला. तोंडात पाणी गेलं, तो खोकला, आणि ओरडला, "मी घेतलं! होडी उलटली तेव्हा ते तरंगत होतं. एकावर भरवसा वाटेना. मी घेतलं!"

आणखी जोर लावला असता तर दुसराही हात सुटला असता. पण तिच्या डोळ्यांपुढं एकदम डाळजचा मांडव आला. हारातला सिद्धूचा फोटो, शेजारी हारातला विजयसिंह. लोक दोघांसाठी सारखेच रडतील. तिनं वल्हं काढलं आणि शर्टाला धरून त्याला आत ओढलं.

"घरी चल. आईसमोर सांग."

आईनं, शकुबाईनं, ऐकून घेतलं. ती रडली नाही. "तितंच बस," म्हणाली, "ह्यांना येऊ दे. त्यास्नी बी सांग." ओल्या कपड्यांनी तो अंगणात बसून राहिला. दिवस मावळायला मनीषाचा बाप गेणबा उसातून आला. सगळं ऐकून त्यानं एवढंच विचारलं, "त्यानं हाक मारली का?"

"मारली, तात्या."

"काय म्हनला?"

विजयसिंहची मान खाली गेली. "विजा, माझं जॅकेट टाक, म्हणाला."

गेणबानं डोक्याचं मुंडासं सोडून गुडघ्यावर ठेवलं. मग म्हणाला, "मांडव मोडायचा न्हाय. पावनं येऊ द्या. ह्येच सगळं माईकवर सांगायचं. न्हाय सांगितलंस, तर म्या सांगंन."

दिवाळीनंतर मांडव भरला. विजयसिंह उठला, माईकसमोर उभा राहिला आणि सगळं बोलला. त्या हाकेसकट. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. माणसं एकेक करून उठली. त्याचे वडील जीपमध्ये बसले आणि त्याला न घेताच निघून गेले. तो पायी सोलापूर रोडला गेला आणि एसटीची वाट बघत उभा राहिला. थांब्यावरची माणसं त्याच्यापासून बाजूला सरकली.

हे सगळं मनीषा लांबून बघत होती. तिला वाटलं होतं, मन हलकं होईल. तसं काही झालं नाही. त्याची दया मात्र कुठंच आली नाही. एसटी त्याला घेऊन गेल्यावर ती घरी आली, चुलीपुढं बसली, आणि शकुबाईनं वाढलेल्या दोन्ही भाकरी तिनं पोटभर खाल्ल्या.