तीनशे अकरा केळीचे घड

आकाशने गुरुवारी दुपारी, देवपुरातल्या आपल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून, तीनशे अकरा उपवर मुलांना केळी करून टाकलं.

त्याचे वडील अभिमन नाना एरंडोलला वधू-वर मेळावे भरवत. त्यांची वेबसाइट आकाशच सांभाळायचा. नवी आवृत्ती चढवताना आपल्या संगणकावरचं चित्रांचं फोल्डर क्लाउडवरच्या फोल्डरशी जुळवून घ्यायचं असतं. घाईत त्याने हुकूम सोडला, की जे इथे नाही ते तिथूनही पूस. मुलांनी स्वतः चढवलेले फोटो त्याच्या फोल्डरात नव्हते, फक्त क्लाउडवर होते. इमानी यंत्राने ते झाडून साफ केले. उरलं एकच चित्र, फोटो नसलेल्यांसाठी ठेवलेला केळीचा घड. अशा जागी राखाडी मुंडकं असतं, पण नानांना ते अशुभ वाटायचं.

त्यात चौतिशीच्या आकाशचाही फोटो गेला. चार वर्षांत त्यावर एक फोन आला नव्हता, आणि हे त्याला आत कुठेतरी फार लागत होतं.

संध्याकाळपर्यंत नानांचा मोबाइल तापला. घड पाहून यावलकडच्या मुलीवाल्यांनी ठरवून टाकलं होतं, की प्रत्येक मुलाची केळीची बाग आहे. पोस्टातल्या कारकुनालासुद्धा सहा स्थळं आली. आकाशने जुन्या फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवलेली होती. ते परत टाकतो म्हणाला, तर नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे. बठ्ठास्ले फोन येई ऱ्हायनात. तुलेबी येल शे."

सगळ्यांनाच फोन येत होते, आकाशलाही एक आला होता; रविवारी बापलेक ती मुलगी बघायला यावलला गेले. पोहे पुढे ठेवत मुलीचे वडील तोतारामभाऊंनी विचारलं, केळीची खोडं किती लावलीत? नाना छताकडे बघू लागले. आकाशला खोटं जमेना. त्याने सगळं सांगून टाकलं. तोतारामभाऊंनी बशी हळूच मागे ओढली.

त्यांची मुलगी मेघा जळगावात आकाशसारखंच वेबसाइटचं काम करायची. ती म्हणाली, "काय काय पुसलं जाणार ते आधी यंत्राला नुसतं दाखवायला सांगता येतं. नाही बघितलं?"

"नाही बघितलं."

चार वर्षांत एकाही मुलीवाल्याने त्याला त्याच्या कामाबद्दल काही विचारलं नव्हतं. आकाशला रडू येईल असं वाटलं.

"उद्या सगळ्यांचे फोटो परत टाका," मेघा म्हणाली. "तुमचा सोडून. तुमच्या जागी केळीच राहू द्या. तुमचा फोटो आता दुसऱ्या कोणी बघायला नको."

तोतारामभाऊंनी बशी पुन्हा पुढे सरकवली.