डोळ्याखालचे पाव टाके

बेबीनंदाने आयुष्यात एक टाका चुकवला नव्हता, आणि ही शेखी ती परतूरभर मिरवायची. त्यामुळे भरतकामाच्या नमुन्यातच चूक निघाली तेव्हा तिचं डोकंच फिरलं.

लेक दीपमाला आणि जावई राजानंद यांचा महिन्याभरापूर्वीचा जोडीचा फोटो होता. जालन्याच्या दुकानदाराने कम्प्युटरवर त्याचे चौकोन पाडून दिले होते. मॅटीच्या कापडावर एका चौकोनात एक फुली, हे कुणीही करेल. डोळ्याची, ओठाची गोलाई मात्र पाव आणि पाऊण टाक्यांनीच येते. तिथे सुई कापडाच्या भोकातून जात नाही, चौकोनाच्या ऐन मधोमध खुपसावी लागते. त्यासाठी बोथट सुई बाजूला ठेवून टोकदार घ्यायची. तर या शहाण्याने दीपमालाच्या डाव्या डोळ्याखाली अकरा पाव टाके दाखवले होते, तेही जांभळे! सावली म्हणावी तर उजेड त्याच बाजूचा. बेबीनंदाने फोनवर त्याला झोडपून काढलं आणि ते टाके अंगाच्या गव्हाळ दोऱ्याने भरून टाकले.

लग्नाच्या वाढदिवसाला दोघं तीर्थपुरीहून मोटारसायकलवर जेवायला आली. शेवटचे दोन टाके राहिले होते, टोकदार सुई अजून कापडालाच होती.

"मामी, कमाल केली तुम्ही," राजानंद म्हणाला.

दीपमाला घामाने थबथबली होती. आईने पदराने तिचा चेहरा पुसला, तशी पावडर निघाली. डाव्या डोळ्याखाली, बरोबर त्याच जागी, जांभळं. फोटो काही महिन्यांपूर्वीचा होता आणि हा डाग ताजा होता. बेबीनंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय हाय गं?"

"मोरीत पडली," राजानंदच बोलला. "चल दीपा, निघू."

"ती येणार न्हाई."

त्याने दीपमालाचा अंबाडा धरून तिला उंबऱ्याकडे फरफटत नेलं. बेबीनंदाने सुई उपटली आणि त्याच्या मनगटात नेढ्यापर्यंत खुपसली. तो बोंबलला आणि उलट्या हाताने त्याने तिचं तोंड फोडलं. डोकं भिंतीवर आपटलं, दात हलला, तोंड रक्ताने भरलं. तरी तिने त्याचा पाय दोन्ही हातांनी आवळला आणि पोटरीला कडकडून चावली. त्याने लाथ घातली. दुसरी घातली. बरगडी मोडल्याचा आवाज तिचा तिलाच ऐकू आला. शेजारचे तातेराव कुऱ्हाडीचा दांडा घेऊन धावत आले, तेव्हा कुठे तो दीपमालाला सोडून शिव्या घालत पळाला.

दीपमालाने आईचं डोकं मांडीवर घेतलं. बेबीनंदा रडत होती, दुखण्यापेक्षा संतापाने जास्त.

"मी मेल्ते का गं? मला सांगायचं न्हाई?"

दीपमाला तिच्या हनुवटीवरचं रक्त पुसत राहिली.

"मागच्या जयंतीला आल्ते, तवाच सांगितल्तं, आई. तू म्हणलीस, नवरा हाय, होईल बराबर. अन् संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलंस."