वळणावर वीस

वेगाची पाटी नाही म्हणजे मर्यादा नाही, असं माझ्या जेठांचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं, ठाम मत आहे. हेमराजभाऊ सुरत-धुळे रात्रीची लक्झरी बस चालवतात. हायवेवर पाट्या दिसल्या की कुरकुरत पाय सैल करायचा आणि पाट्या संपल्या की दाबायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. फक्त भाजीत मीठ किती हे त्यांना विचारून ठरत नाही, बाकी सगळं ठरतं.

आमची व्हॅन विकायची की ठेवायची, हेही तेच ठरवणार होते. माझा नवरा लखन सकाळी सुरतेतल्या आमच्या नवागाम भागातली पोरं शाळेत सोडायचा आणि दुपारनंतर पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला जायचा. दिवाळीनंतर त्याला फिट आली. नशीब, तेव्हा तो मिलमध्ये होता, व्हॅनमध्ये नव्हता. डॉक्टरांनी स्टेअरिंग बंद केलं. व्हॅन गल्लीत उभी राहिली, तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. मी म्हटलं, मी शिकते. ड्रायव्हिंग क्लास लावला, लर्निंग लायसन्स काढलं, काचेवर तांबडा एल चिकटवला. पक्क्या लायसन्सची परीक्षा जवळ आली, तसे जेठ जागे झाले. शेजारच्या गल्लीतल्या बन्सीलालला व्हॅन हवी होती आणि त्याला ते निम्मा शब्द देऊन बसले होते.

लखन देवमाणूस, पण भावासमोर त्याचं तोंड शिवलेलं. बरंच पुटपुटून त्यानं एवढंच पदरात पाडलं की भाऊंनी एकदा मला चालवताना बघावं. त्यांनी हो म्हटलं तर व्हॅन राहील. नाही म्हटलं तर बन्सीलाल.

रविवारी दुपारी निघालो. आता यात गंमत अशी, की जेठ आणि मी एकमेकांशी बोलत नाही. भांडण नाही, रीत आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यासमोर डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. त्यांना पाणी हवं असलं तर ते सासूबाईंना सांगतात, सासूबाई मला. सासूबाई घरात नसल्या तर ते मांजरीला सांगतात. "मांजरे, पानी आन म्हन," असं म्हणून दुसरीकडे बघतात, आणि मी तांब्या आणून ठेवते. मांजरीनं कधी तक्रार केली नाही.

लर्निंगवाल्याच्या शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसावाच लागतो. म्हणून जेठ पुढे माझ्या शेजारी बसले, खिडकीला चिकटून. आणि निरोप पोचवायला सासूबाई, म्हणजे सुभद्राबाई, मागच्या सीटवर. मी स्टेअरिंग धरलं तोच त्यांनी माझा पदर पुढे ओढला.

"आत्या, पदरमा आरसा दखात नही," मी सासूबाईंना म्हटलं आणि पदर खाली घेऊन पिन लावून टाकली. जेठांनी मान खिडकीकडे फिरवली. सासूबाई काहीतरी बोलल्या, पण तोपर्यंत इंजिन सुरू झालं होतं.

कामरेजपर्यंत सगळं ठीक झालं. गर्दी होती, पाट्या होत्या, कुठे किती हे लिहिलेलं होतं. कामरेज सोडून आतल्या रस्त्याला लागलो आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. अरुंद डांबरी रस्ता, मधे पट्टा नाही, कडेला पाटी नाही. मी चाळीसवर होते.

"माय, इले सांग, आते पाटीबिटी काही नही. पयाड म्हन."

"नूतन, भाऊ सांगस, पयाड," मागून सासूबाईंनी गाडी पळवायचा निरोप पोचवला.

"आत्या, भाऊंले सांगा, पाटी नही तरी मर्यादा ऱ्हास. पुस्तकमा लिखेल शे. सत्तर."

जेठांना आनंद झाला. "सत्तर शे ना? मंग सत्तरवर चाल म्हन. आठे चाळीसवर काय करी राहिनी?"

आता याला काय सांगायचं? सत्तरच्या वर जाऊ नका असं पुस्तक म्हणतं, सत्तरवर जाच असं म्हणत नाही. डोक्यावर पत्रा आहे म्हणून कोणी रोज उडी मारून त्याला डोकं आपटत नाही. पण एवढा लांब निरोप सासूबाईंमार्फत पोचणार नव्हता, अर्ध्या वाटेत त्याचं भलतंच काही झालं असतं. मी चाळीसवर राहिले, सरळ लांबवर दिसायला लागलं तिथे पन्नासवर गेले, आणि वळण आलं तशी वीसवर आले.

वळणं त्या रस्त्यावर वाईट आहेत. ऊस माणसापेक्षा उंच, अगदी डांबराच्या काठापर्यंत. वळणापलीकडे काय आहे ते देवालाच दिसेल. लखननं मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती, की जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात गाडी थांबवता आली पाहिजे. कमी दिसलं तर कमी वेग. हे मला पुस्तकापेक्षा पटलं, कारण पुस्तकाला ऊस माहीत नाही.

वळलो. पलीकडे कोणी नव्हतं.

"दखं का? कोन व्हतं तठे?" जेठ सासूबाईंना म्हणाले, पण ऐकवलं मला. सासूबाई हसल्या. मलाही लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या वळणावर पुन्हा वीस. पुन्हा पलीकडे कोणी नाही, एक बगळा होता तोही उडून गेला. मागे एक गाडी हॉर्न वाजवत आली. मी डावीकडे सरकून वाट दिली. जाताना आतल्या पोरानं काच खाली केली आणि ओरडला, "बेन, घरे जईने सूई जाव!" जेठ मांडीवर थाप मारून हसले. आपल्या घरच्या बाईला रस्त्यावरचा कोणीतरी घरी जाऊन झोप म्हणतो आणि हे हसतात.

मग त्यांनी हसू पुसलं आणि सरळ बसले. पुढचं वळण दिसत होतं.

"माय, इले नीट सांग. मी पंधरा वरीस पासून गाडी चालाडस. रस्ता खाली शे. आते पुढला वळनवर हिनी ब्रेक मारा, ते व्हॅन बन्सीलालनी. मी फोन करी दिसू."

सासूबाई पुढे वाकल्या. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. "नूतन, माय, एक डाव त्यासनं ऐक. व्हॅन जाई."

व्हॅन जाई. मला ती हवी होती. गाडीची हौस म्हणून नाही. लखन औषधांच्या गुंगीत घरी बसून होता, मिलनं त्याला पुन्हा घेतलं नव्हतं. मी दिवसभर साड्यांना लेस लावून मान मोडून घेत होते. आणि खरं सांगायचं तर स्टेअरिंगवर बसल्यावर पहिल्यांदाच मला कोणी सरक, ऊठ, थांब असं म्हणत नव्हतं. एका वळणावर पाय ब्रेकवरून उचलला असता तर हे सगळं माझं होतं. रस्ता रिकामा असणार हे मलाही जवळजवळ पटलं होतं. दोनदा तसंच झालं होतं.

पण जवळजवळच. पलीकडचं मला दिसत नव्हतं. जेठांनाही दिसत नव्हतं. त्यांचा फक्त आवाज मोठा होता.

मी ब्रेक दाबला. काटा वीसवर आला. आणि तोंड उघडलं.

"भाऊ, मी पयाडाव नही."

सासूबाईंनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. जेठ असे दचकले की जणू व्हॅनच बोलली.

"पुढे दखात नही," मी रस्त्यावरची नजर न हलवता म्हटलं. "दखात नही तठे मी दाबाव नही. तुम्ही सांगा, नही ते आनखी कोनी सांगो."

वळण संपलं. पलीकडे रस्ता सरळ, लांब, उन्हात चकचकीत. एक माणूस नाही, बैल नाही, कुत्रंही नाही.

मला रडू फुटायचं बाकी होतं. एखादी शेळी तरी असायला काय हरकत होती?

"थांबाड," जेठ म्हणाले. मधे निरोप्या न घालता, सरळ मला. मी इंडिकेटर देऊन कडेला घेतली. ते उतरले, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आले. "उतर खाले. चावी दे. मी चालाडसू. कोनी व्हतं का तठे? सांग, कोनी व्हतं का?"

"नव्हतं," मी म्हटलं. "पन कोनी नही, हाई वळ्यावर समजनं. वळाना पहिले तुमले ठाऊक व्हतं का?"

त्यांनी चावीसाठी हात पुढे केला.

"काल तठे ऊसतोडवाला उभा व्हता की नही, तुमले माहीत नही. सकाय कोनी पोऱ्या सायकल लिसन उभा ऱ्हाई, ते बी माहीत नही. मना मांगे लोकेसना पोरे बठतीन, भाऊ. तेसनी मायसले मी काय सांगू, मना जेठले घाई व्हती?"

"चावी दे."

"चावी देवाव नही."

"मंग जाय एकली. मी बठाव नही तुना शेजारे."

आणि ते खरंच उसाच्या सावलीला जाऊन हाताची घडी घालून उभे राहिले. आता आली का पंचाईत. पक्क्या लायसन्सशिवाय मला व्हॅन एक चाकभर हलवता येत नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना वाटलं, मी दोन मिनिटांत हात जोडून चावी पुढे करीन.

मी इंजिन बंद केलं. चावी काढून मुठीत धरली आणि सीट मागे करून बसले.

"एकली जावाना कायदा नही," मी खिडकीतून सांगितलं. "तुम्ही बठा, तवयच गाडी हालीन."

सासूबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. निरोप न्यायला काही उरलंच नव्हतं. शेवटी त्यांनी पिशवीतला डबा उघडला आणि दशमी खायला घेतली. मलाही दिली. मी खाल्ली. भूक लागली होती, राग असला म्हणून भूक काही जात नाही.

ऊन उतरायला लागलं. जेठ घड्याळ बघायला लागले. रात्री त्यांची लक्झरी सुटणार होती आणि लक्झरीला ते कधी उशीर करत नाहीत, हा त्यांचा सगळ्यांत मोठा अभिमान. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, त्याला त्यांनी हात केला, तो थांबला नाही. मग ते आले, दार उघडलं, बसले आणि इतक्या जोरात आपटून लावलं की आरसा हलला. मी आरसा नीट केला, पट्टा लावला आणि चावी फिरवली.

परतताना तेच. सरळ रस्त्याला पन्नास, वळणाला वीस. आरशात सासूबाईंची मान खिडकीला टेकलेली दिसली. मला वाटलं, रुसल्या. रुसू देत. मनात मी ठरवून टाकलं होतं, की व्हॅन लखनच्या नावावर आहे, सही लखनची लागते, आणि आज रात्री त्याच्यासमोर बसून मी त्याला तोंड उघडायला लावणार. नाही उघडलं तर माझं आहेच.

घरी पोचलो तर बन्सीलाल खाटेवर बसलेला, हातात कपबशी. लखन त्याच्यासमोर उभा, चोरी करताना सापडल्यासारखा. जेठांनी उसाच्या सावलीत उभे असतानाच त्याला फोन केला असणार.

"इले चालाडता येत नही," जेठांनी दारातच निकाल दिला. "गाडी नही, बैलगाडी चालाडस ही. शाळानी घंटा व्हई जाई, तरी पोरे रस्तावरच ऱ्हातीन. बन्सीलाल, ली जाय व्हॅन."

लखननं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार तोच मागून सासूबाई आल्या. डोळे चोळत, केस विस्कटलेले, गालावर खिडकीच्या रबराचा वळ.

"माले ते झोप लागी गयी व्हती," त्या म्हणाल्या.

"मंग?" जेठ म्हणाले.

"मंग काय? हेमराज, तुनी गाडीमा माले कधी झोप लागनी का रे? धुळाले जावाले निंघनू की मी डोया फाडीसन देवनं नाव लेत बठस. मना पोटना पोऱ्या शे, म्हनीसन बोलत नही." त्या खाली बसल्या आणि पाय पसरले. "आज मस्त झोप लागनी."

ज्या गाडी चालवण्याचा जेठांनी पंधरा वर्षं तोरा मिरवला, ते आई जीव मुठीत धरून सोसत होती, हे त्यांना सगळ्यांदेखत कळलं. क्षणभर मला त्यांची दया आली. क्षणभरच.

"भाऊ, व्हॅन इकाव नही," लखन म्हणाला. आवाज चिरका निघाला, पण निघाला.

बन्सीलाल कपबशी खाली ठेवून उठायला लागला. मी पुढे झाले.

"बठा, बन्सीलालभाऊ," मी जेठांसमोर, उघड्या डोक्यानं, चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं. "चहा पूरा पी ल्या. मंगयवारे परीक्षा शे मनी. तवलगून ती व्हॅन दारमाच उभी ऱ्हाई, आनी नंतर मी चालाडसू."