यंत्रात खिळा गेला तर

वहिनीनं कपडे आपटून आपटून धुण्याचा दगड फोडला, ही गोष्ट त्या गल्लीत अजून सांगतात, आणि सांगणारा प्रत्येक जण दगड वीतभर मोठा करतो. खरं म्हणजे दगड बेताचाच होता. बेताचे नव्हते ते त्या घरातले कपडे. सासरे गवंडी. त्यांच्या सदऱ्यात इतकं सिमेंट मुरलेलं असायचं, की तो दोरीवर घालायची गरज नसे, भिंतीला टेकवून उभा केला तरी चाले. नवरा नळकामवाला. त्याच्या पँटीवर साऱ्या वस्तीच्या मोऱ्यांचा इतिहास लिहिलेला. धाकटा दीर सुतार. तो अंगावर भुसा आणि सरस दोन्ही घेऊन यायचा, आणि दोन्ही भिजले की शर्टाची फळी व्हायची. असल्या कपड्यांशी वहिनी लग्न झाल्यापासून झुंजत आली होती, आणि एकदाही हरली नव्हती. तिच्या हातून निघालेला सदरा असा लख्ख, की कावळासुद्धा त्या दोरीवर बसण्याआधी पाय पुसून घ्यायचा.

तर दगडाचे दोन तुकडे झाले आणि सासरे म्हणाले, "उद्या दुसरा बसवून देतो. चांगला घडीव आणतो, नातवंडांना पुरेल असा."

"दगड नको, बाबा," वहिनी म्हणाली. "मशीन घेऊ. आणि मशीन मी निवडणार."

मशीन घ्यायला कुणाची हरकत नव्हती. शेवटच्या वाक्यानं तिघंही जेवता जेवता थांबले.

त्या घरात एक कायदा होता, सासऱ्यांच्या वडिलांपासून चालत आलेला. ज्याचा हात, त्याचं हत्यार. काम जो करतो त्यानंच हत्यार निवडायचं, आणि एकदा निवडलं की दुसऱ्यानं त्याला बोट लावायचं नाही. सासऱ्यांनी नवी थापी निवडली तो दिवस, नवऱ्यानं मोठा पाना घेतला तो दिवस, दिरानं रंधा आणला तो दिवस, हे त्या घरातले मोठे दिवस. सगळं घर धुतलेले कपडे घालून दुकानात जायचं. निवडणारा हत्यार हातात तोलून बघायचा, बाकीच्यांनी चकार शब्द काढायचा नाही. आणि नंतर वर्षानुवर्षं त्याच्या गोष्टी चालायच्या, की कसं त्यानं दुकानदारानं पुढे केलेलं बाजूला सारलं आणि मागच्या फळीवरचं मागितलं.

वहिनी त्या प्रत्येक दिवशी तिथं होती. पिशवी धरून. तिचा स्वतःचा असा दिवस कधी उगवलाच नव्हता. भांडीकुंडी तिच्या आधीच घरात आलेली, आणि दगडाला हत्यार कोण म्हणतो?

"मशीन म्हणजे काय," नवरा म्हणाला, "पाणी आत, पाणी बाहेर. अगं, हे तर सरळ नळकाम झालं."

"दार असतं ना त्याला?" दीर म्हणाला. "म्हणजे बिजागरी आली. बिजागरी आली की मी आलो."

सासऱ्यांनी घास संपवला. "उभं कशावर राहणार? जमिनीवर. जमीन कुणी केली?"

"आणि कपडे कोण धुतं?" वहिनीनं विचारलं.

"धुणं काय, वहिनी, कुणीही धुईल," दीर बोलून गेला. शहाणा माणूस, पण जीभ रंध्यासारखी, एकदा सुटली की पुढेच जाते.

"धुवा मग, भाऊजी. हा आठवडा तुम्ही तिघांनी धुवायचं. ज्याचा हात बसेल तो निवडेल."

कायद्याप्रमाणे बोलली होती. नाही कोण म्हणणार?

त्या आठवड्याबद्दल गल्लीत जे सांगतात त्यातलं निम्मं सोडून द्यावं, तरी उरलेलं पुष्कळ होतं. पहिली पाळी दिराची. त्यानं कॉलर पाटावर ताणून धरली आणि ब्रश असा चालवला, जणू सागाची फळी साफ करतोय. कॉलर गुळगुळीत झाली, मग पातळ झाली, मग नव्हतीच. दुसरी पाळी नवऱ्याची. तो म्हणाला, हात कशाला घाण करायचे, सगळा खेळ दाबाचा आहे. त्यानं पाइपाला बारीक तोंड बसवून कपड्यांवर फवारा सोडला. मळ जागच्या जागी राहिला, बनियन मात्र तीन छपरं ओलांडून गेला. ज्यांच्या अंगणात पडला, ते तो परत द्यायला आले तेव्हा त्यांना वाटलं होतं की कुणीतरी पतंग सोडलाय.

सासऱ्यांनी घाई केली नाही. त्यांनी सदरा फरशीवर पसरला, थापीनं साबणाचा सारखा थर दिला, कडा साफ केल्या आणि वर ओलं गोणपाट टाकलं.

"आता हे काय, बाबा?" वहिनीनं पायरीवर लसूण सोलता सोलता विचारलं.

"मुरू दे. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं."

"किती दिवस?"

"स्लॅब असता तर पंधरा म्हटलं असतं," सासरे विचार करून म्हणाले. "सदरा आहे. आठात होईल."

आठवडा सरला तेव्हा घरात कुणाच्या अंगावर धड कपडा उरला नव्हता. सासरे साबणानं घट्ट झालेल्या सदऱ्यासमोर वाकले. बोटाच्या पेरानं त्यावर ठकठक केलं. पक्का आवाज आला. मग ते वळून म्हणाले, "सूनबाई, हात तुझाच. चला दुकानात."

दुकानात मशिनी रांगेनं उभ्या होत्या. टाय लावलेला सेल्समन पुढे आला आणि त्यानं तिघांपैकी कुणाशी बोलावं याचा अंदाज घेतला. तिघंही हाताची घडी घालून मागे सरले. कायदा म्हणजे कायदा. समोर उरली वहिनी. चेहरा तिनं असा ठेवला, जणू दर महिन्याला एक मशीन घेते.

"ही बघा, मॅडम. स्क्रीन आहे, फोनवरून चालते, गाणंही वाजवते."

वहिनीनं पदर खोचला, बाही सारली आणि त्या गाणाऱ्या मशिनीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातला. आतून सगळीकडे चाचपून पाहिलं.

"यात खिळा गेला तर कुठून निघतो?"

सेल्समन हसला. "मॅडम, यात खिळे घालायचे नसतात."

"आमच्याकडे घालत नाहीत. आमच्याकडे कपडे घातले की खिळे आपोआप जातात."

त्यानं मागच्या तिघांकडे पाहिलं. तिघांनी जमिनीकडे पाहिलं.

"गेलाच, तर टेक्निशियन बोलवावा लागेल," तो म्हणाला.

"म्हणजे आम्हाला रोजच बोलवावा लागेल. त्याला आमच्याकडेच राहायला ठेवा," असं म्हणून वहिनी पुढे गेली. दुसरीत हात घातला, तिसरीत घातला. एकीला आतून सांध्याची कड होती, धागा अडकेल अशी. एकीचा डबा एवढासा, की सासऱ्यांचा सदरा घातला तर सासऱ्यांना वाटावं, आपणच अडकलो. अगदी कोपऱ्यात एक साधी, पांढरी, जाड काठाची मशीन उभी होती. तिच्या पायाशी एक छोटं दार होतं. वहिनी खाली बसली, ते दार उघडलं, आतलं झाकण फिरवून बाहेर काढलं. त्याला जाळी होती.

"ही चालवून दाखवा."

"इथं पाणी जोडलेलं नाही, मॅडम. नुसती बघायला आहे."

वहिनीनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. एवढंच. तो हात धुवायच्या बेसिनपाशी गेला, खिशातून पाना काढला, आणि सेल्समननं "अहो, साहेबांना विचारू द्या" म्हणेपर्यंत नळी जोडून झाली होती.

"बाबा, डाव्या अंगाला कलतेय का?"

सासऱ्यांनी एक डोळा मिटला. "सूतभर."

"भाऊजी."

दिरानं पाचर काढली आणि पायाखाली सारली. वहिनीनं पिशवीतून सिमेंटचा सदरा काढला, सरसाचा शर्ट काढला, ग्रीसची पँट काढली. मग दिरापुढे तळहात पसरला. त्यानं मुकाट्यानं खिसा रिकामा केला, आणि ते सगळे बारीक खिळे तिनं कपड्यांबरोबर आत टाकले. मशीन सुरू झाली. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं भोवती जमली, गाणाऱ्या मशिनीजवळ कुणी राहिलं नाही. वहिनी मशिनीच्या पत्र्याला कान लावून उभी. आधी खडखड, मग वाळूची खरखर, मग नुसतं पाणी. लोक सांगतात की त्या वेळी तिनं सगळ्या दुकानाला बोटानं गप्प केलं आणि रस्त्यावरच्या गाड्याही थांबल्या. गाड्यांचं सोडा, पण मालक आतून चिडून आला होता, तो मात्र खरंच गप्प बसला.

मशीन थांबल्यावर वहिनीनं नवऱ्याकडून खाली बादली धरवली आणि झाकण फिरवलं. गढूळ पाणी आलं, वाळू आली, आणि जाळीत खिळे, एकही कमी नाही. सदरा झटकला तर सदऱ्यासारखा हलला.

"ही," वहिनी म्हणाली.

सासऱ्यांनी फक्त मान हलवली, आणि ते थापी घेताना मान हलवायचे तशीच हलवली, हे तिनं बरोबर टिपलं.

घरी मशीन बसली तसा नवऱ्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. "झालं. आता हे तुझं हत्यार. कायदा आहे, आम्ही बोट लावणार नाही." दीर तर तोवर दारापर्यंत पोचलाही होता.

तिघंही कायद्याआड लपून हात झटकणार, हे वहिनीच्या ध्यानात आधीच आलं होतं, कोपऱ्यातल्या मशिनीपाशी उकिडवी बसली तेव्हाच.

"बाबा," ती म्हणाली, "थापी तुमची. तिला कुणी हात लावत नाही. पण माल कोण कालवतं? विटा कोण देतं?"

"हाताखालची माणसं."

"ती म्हणतात का, थापी तुमची, आम्ही चाललो घरी?"

सासरे हसले नाहीत. कामाच्या गोष्टीत ते हसत नसत. "म्हणून बघावं एखाद्यानं," ते म्हणाले आणि उठून त्यांनी सगळ्यांत आधी आपला खिसा उलटा केला. ओळंब्याची दोरी निघाली, खडूचा तुकडा निघाला, विटेची कपची निघाली. मग नवऱ्याचे वायसर निघाले. मग दारातून दीर परत आला.

संध्याकाळी शेजारीपाजारी मशीन बघायला आले. कुणीतरी विचारलं, निवडली कुणी? सासरे तेव्हा ओल्या कपड्यांची बादली उचलून दोरीकडे निघाले होते. चाळीस वर्षं ज्यांच्या तोंडून कुणी "बरं आहे" यापलीकडे कौतुक ऐकलं नव्हतं, ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या घरात चार मिस्त्री आहेत. त्यातल्या सर्वांत जुन्या कामाच्या मिस्त्रीनं निवडली."

वहिनीनं ऐकलं. ऐकल्याचं दाखवलं नाही. तिनं सदऱ्याच्या बाह्या ताणून सरळ केल्या, दोरी वाकली नाही ना ते पाहिलं, आणि मागे न बघता हात पुढे केला.

"भाऊजी, चिमटे."