गुंडावरचं नाव

घासताना राखेचा हात फिरला तसे पाण्याच्या पितळी गुंडाच्या गळ्याखालचे ठिपके उजळले — दुर्गच्या बाजारातल्या कारागिरानं टोचून टोचून पाडलेले, इतकी वर्षं नुसते अंगठ्याला खडबडीत लागणारे — आणि आज त्यांना काना फुटला, वेलांटी फुटली, बोट आपोआप सरकलं, ओठ हलले. मोठ्यानं.

"रा... मा... जी."

वाचता आलं याचा आनंद आधी झाला. काय वाचलं ते मागून कळलं.

उंबऱ्यात तांदूळ निवडणाऱ्या सासूचं सूप थांबलं. "काय बोलली वो तू?"

"काई नाई, आत्याबाई... वाचलं."

"वाचलं? नवऱ्याचं नाव वाचाले शिकवते काय ते सरलाबाई? पोरगा तिकडे भट्टीपाशी उभा हाये, अन तू इथं राखेच्या हातानं त्याचं आयुष्य खरडून राह्यली! आजपासून तो किलास बंद."

भागीरथानं गुंड पालथा घातला. नाव घ्यायचं ते उखाण्यात, चार बायांत, वर शब्दांची ओढणी घालून. उघडं नाव — न्हाणीपाशी, काळ्या हातांनी — छे. आई जात्यावर म्हणायची...

नाव पुसती सयाबाया, मी वो हासते ओठात
धनी सोन्याचं बियाणं, त्याले पेरते पोटात

पोटात पेरलेलं आज मीच उपटून बाहेर काढलं की काय?

भाकरी करपली. पोलादाच्या कारखान्याकडून धडधड आली. ती रोजच येते, पण आज प्रत्येक आवाजाला ती तव्यावरचा हात थांबवून ऐकत राहिली. धूर जास्त काळा आहे का? मागं एकाला भाजलेलं नेलं, त्याच्या बायकोनं काय केलं होतं त्या दिवशी?... दुपारी किलासची वेळ घरातच टळली. "तोंडातल्या तोंडात वाचाल तर अक्षर तिथंच विरघळेल, भागीरथाबाई, मोठ्यानं म्हणा!" — कानात किलासच्या सरलाबाईंचा रायपुरी, धुतलेला आवाज. त्यांचं काय जातं? पण अक्षर विरघळावं असंच तर वाटत होतं आता, आणि ते विरघळत नव्हतं. गुंड पालथा घातला तरी ठिपके पाठीमागून बोलतच होते.

"भाजी आणतो, आत्याबाई," म्हणून ती निघाली ती थेट कारखान्याकडच्या मरोद्याच्या रस्त्याला लागली. वाचायचं नाही, असं ठरवून. तरी भिंतीवरच्या जाहिरातीतला साबण डोळ्यांत घुसला, मग चहा, मग खांबावर, लाल रंगात... ख... त... रा... तिनं पदर तोंडात धरला. न वाचणारे डोळे कुठं गेले माझे? मागितले तर परत देतील का ते कुणी?

भोंगा झाला. सायकलींचा लोंढा आला, खाकी, धुळीनं माखलेला, सगळे सारखेच. तिचा जीव एकेका चेहऱ्यावर बसत होता आणि उडत होता. आणि मग तो दिसला — सोबतच्या देवानंदच्या कसल्याशा बोलण्यावर हसत, अख्खाच्या अख्खा.

"कावून वो, इथं कावून उभी?" त्यानं ब्रेक दाबला.

"भाजी घ्याले आली."

"थैली कुठी हाये? पदरात नेतं का कोहळं?" त्यानं विचारलं. देवानंद हसला. तोही हसला, आणि सायकल हातात धरून चालू लागला.

काही झालं नव्हतं. नाव उघड्यावर पडलं, दिवसभर पडून राहिलं, आणि त्याला साधा ओरखडाही नाही. तिला रडू यायला हवं होतं, देवाला हात जोडायला हवे होते. त्याऐवजी पायाखालची जमीन हळूच सरकल्यासारखं झालं... हे खोटं होतं, तर मग जे जे बोलले नाही, खाल्लं नाही, विचारलं नाही, ते सगळं? आई जन्मभर ओठ मिटून राहिली, ती कशासाठी?

तो पुढं होता, ती चार पावलं मागं. हे अंतर कोणी सांगितलं होतं, आठवेना. पाय नेहमीसारखे मागंच चालत होते. आणि तिला त्यांचा राग येत होता, आणि भीती वाटत होती त्या रागाची — सकाळच्या भीतीहून मोठी.