ऑइल निथळेपर्यंत

आमच्या घरात भांडण कधी सरळ विषयावर होत नाही. गेल्या वर्षी मी आणि नवरा तीन आठवडे इंजिन ऑइलवरून भांडलो. त्याला वाटत होतं, भांडण ऑइलचंच आहे. त्यात त्याचा दोष नाही, मीच त्याला तसं वाटू दिलं.

गाडी सासऱ्यांची, एकवीस वर्षांची. सासरे गेले, गाडी राहिली. तिचं ऑइल दर तीन महिन्यांनी माझे बाबा येऊन बदलायचे. बाबा बस डेपोच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेत आणि इथून दोन तासांवर एकटे राहतात. बिनकामाचं कुणाच्या दारात उभं राहू नये, हे त्यांचं तत्त्व. त्यात मुलीचं दारही धरलेलं. या म्हटलं की विचारणार, "काम काय आहे?" मी त्यांच्याकडे गेले तर खुर्ची पुसून देतात, पंखा लावतात आणि अर्ध्या तासात "निघ आता, उशीर होईल तुला" सुरू करतात. फोन चाळीस सेकंदांचा: बरी आहेस ना, गाडी बरी आहे ना, ठेवतो.

बोलायचे ते फक्त ऑइल बदलताना. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवायची, खाली सरकून नट सोडायचा, पसरट डबा ठेवायचा. मग वीस मिनिटं काहीच करायचं नसतं. काळंकुट्ट झालेलं ऑइल शेवटच्या थेंबापर्यंत निथळू द्यायचं, घाई करायची नाही, हा त्यांचा नियम. हात बरबटलेले, त्यामुळे आत येऊन बसता येत नाही, पेपर धरता येत नाही. अशा वेळी माणूस बोलतोच. आई शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये त्यांना काय म्हणाली, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. शाळेच्या नाटकात मी झाड झाले होते, तेव्हा ते ड्युटीच्या कपड्यांत मागे भिंतीला टेकून उभे होते, हेही तिथेच कळलं. मी तीस वर्षं समजत होते की ते आलेच नव्हते.

वर्षातून चार वेळा वीस मिनिटं. बाप माझ्या वाट्याला एवढाच यायचा, आणि त्यात काटछाट मला परवडणारी नव्हती.

अशात नवऱ्याने एक व्हिडिओ पाहिला.

"सिंथेटिक ऑइल घालूया," तो म्हणाला. "वर्षातून एकदा बदललं की झालं. इंजिन आतून स्वच्छ राहतं. आणि खरं सांगू का, बाबांना सत्तरी उलटल्यावर गाडीखाली झोपायला लावायचं, मलाच लाज वाटते."

घ्या. माणूस हलकट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

बापाला भेटायचंय म्हणून जुनंच ऑइल चालू ठेव, हे पंचेचाळिशीच्या बाईने कुठल्या तोंडाने म्हणायचं? मी तांत्रिक बाजू लावून धरली. चार दिवस ऑफिसात हिशेबाच्या फायलीआड बसून वाचत होते.

"जुन्या इंजिनात गाळ साठलेला असतो," मी जेवताना म्हणाले. "तोच फटी बुजवून बसलेला असतो. सिंथेटिक तो धुऊन काढतं, आणि गाडी गळायला लागते."

"ते पूर्वीचं झालं."

"सीलचं रबर आक्रसतं."

"तुला सील म्हणजे काय ते गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं," तो म्हणाला. ते खरं होतं, म्हणून मी पान उचलून आत गेले.

शेवटी ठरलं, बाबांनाच विचारायचं. मी मनातून निर्धास्त. मोबाइल घ्यायला ज्यांनी नऊ वर्षं लावली, ते सिंथेटिकला कसले हो म्हणतायत? फोन स्पीकरवर टाकला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "सीलं मी तीन वर्षांपूर्वी बदललीत," ते म्हणाले. "माझ्या हातचं सील गळत नाही. पस्तीस वर्षांत एक गळलेलं नाही. घाला सिंथेटिक, जावईबापू. चांगलंच असतं ते."

"आणि बदलायचं कधी?"

"वर्षातून एकदा." मग थोडं थांबून म्हणाले, "हो. एकदाच पुरे."

इंजिनाबद्दल बाबा खोटं बोलत नाहीत. या एका खोडीपायी डेपोत त्यांची बढती दोनदा हुकली होती. आता माझा नंबर लागला. नवरा माझ्याकडे पाहून हसला, आणि मी भांडी जरा जास्तच आपटून घासली.

सिंथेटिक घालायच्या दिवशी बाबा सवयीने पिशवीतून साध्या ऑइलचा डबाही घेऊन आले. नट सोडला, ऑइल निथळू लागलं. मी रुसून उभी होते, त्यामुळे ती वीस मिनिटं माझ्या मूर्खपणात वाया गेली. जाताना त्यांनी आपला डबा पायरीवर ठेवला.

"राहू दे हा. दारांच्या बिजागऱ्यांना होईल."

नवऱ्याने माझी खोड काढायला गाडीखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवला. रोज सकाळी तो ओढून बघायचा आणि मला दाखवायचा. कोरा. पहिला महिना कोरा, दुसरा कोरा. जुनं इंजिन काय काय गळेल म्हणून मी किती वाचलं होतं, आणि ती म्हातारी एक थेंब सोडायला तयार नाही. तिसरा महिना संपला, त्या रविवारी एरवी बाबा आले असते, ते आले नाहीत. फोन केला तर चाळीस सेकंदांत ठेवला. मला रडू आलं, आणि इंजिन ऑइलवरून रडणारी बाई म्हणून स्वतःची लाजही वाटली.

पुढच्या शनिवारी नवरा अंघोळीला गेला असताना मी बिजागऱ्यांचा डबा उघडला आणि पुठ्ठ्यावर सात-आठ थेंब टाकले. इंजिनाच्या बरोबर खाली, थोडे विखरून. स्वतःचं जरा कौतुकही वाटलं.

पुठ्ठा ओढल्यावर नवऱ्याचा चेहरा पडला. "तुझं बरोबर होतं गं," तो म्हणाला. लग्नानंतर हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते, आणि ऐकलं तेव्हा त्याची मजा घेता येईना. त्याने लगेच बाबांना फोन लावला. काम होतं, बाबा पहिल्या बसने आले.

ते गाडीखाली सरकले. फक्त पाय दिसत होते. मग बाहेर आले, उकिडवे बसले, पुठ्ठ्यावरचा एक थेंब बोटावर घेतला, चोळला, हुंगला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"गळतंय ना?" नवऱ्याने विचारलं. "मीच हट्ट केला सिंथेटिकचा."

"तुमचं काही चुकलं नाही," बाबा म्हणाले. मग हातातल्या फडक्याकडे बघत म्हणाले, "सील माझ्या हातचं आहे. कच्चं बसलं असेल."

पस्तीस वर्षं जपलेली गोष्ट होती ती, आणि त्यांनी ती अशी सहज काढून देऊन टाकली.

"मग आता?"

"घाबरायचं काही नाही. लक्ष ठेवावं लागेल. मी महिन्यातून एकदा येत जाईन."

"दर महिन्याला? तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला. काम आहे," बाबा म्हणाले.

नवरा चहा टाकायला आत गेला. मी मान खाली घालून उभी होते. बाबा एकेक बोट सावकाश पुसत होते.

"पुढच्या वेळी टाकशील ते इंजिनातल्या डिपस्टिकवरचं टाक," ते हळूच म्हणाले. "डब्यातलं मधासारखं दिसतं. इंजिनातलं तीन महिन्यांत काळं होतं."

मी पायाने पुठ्ठा गाडीखाली सरकवला.

"बॉनेट उघड," ते म्हणाले. "आलोच आहे तर."

मी बॉनेट उघडलं. त्या दिवशी निथळायचं काहीच नव्हतं. आतून चहासाठी दोन हाका आल्या, तरी आम्ही तिथेच उभे होतो.