जाड भिंतीचा निळा रंग

"बाई, माणूस प्रेमात पडला की हृदयाचा नेमका कुठला कप्पा धडधडतो?"

मैत्रिणींनी 'हिंमत असेल तर विचार' म्हणून डिवचलं आणि भोंग्याने विचारलंसुद्धा! भोंगा म्हणजे नववीतली खणखणीत आवाजाची मुलगी. वर्ग खिदळला. बाईंनी शांतपणे कपाटाकडे बोट दाखवलं. "त्यालाच विचार. उघडून बघ."

मित्रांनो, तो मी! मी एक जुना प्लास्टरचा नमुना आहे, मानवी हृदयाचा. वर दोन अलिंद, खाली दोन निलय असे चार कप्पे, मधे झडपा आणि बाहेर पितळी कडी. कारखान्यातल्या एका मावशींनी माझ्या झडपा बोटाने गुळगुळीत केल्या होत्या. सुरुवातीला माझा थाट काय वर्णावा! मला उघडायला मुलं रांग लावायची. पुढे रंग उडाला. प्रयोगशाळेतल्या काकांनी हौसेने नवा दिला. मग वर्गात मोठा पडदा आला आणि मी बरण्यांमागे गेलो. येत्या शनिवारी तर भंगारातच जाणार होतो.

भोंग्याने कडी काढली, फुंकर मारली, शिंकली आणि आतल्या भिंतींवरून बोट फिरवू लागली.

"बाई, डाव्या निलयाची भिंत जाड असते ना? त्याला अख्ख्या अंगभर रक्त ढकलायचं असतं."

"बरोबर."

"आणि ती बाजू लाल दाखवतात. मग इथे जाड भिंत निळी कशी?"

बाई चष्मा सावरून वाकल्या. शेजारी बरण्या पुसणाऱ्या काकांनी जीभ चावली. "अहो, मी याच्यासमोर बसून रंगवलं! माझी डावी तीच याची डावी धरली."

मला तोंड असतं तर कधीच ओरडलो असतो! बाई तर हसून हसून खुर्चीत बसल्या. "इतकी वर्षं माझ्याही लक्षात आलं नाही गं! शनिवारपर्यंत रंग नीट कर, मग हा भंगारात नाही, माझ्या टेबलावर."

"आणि माझा प्रश्न?"

"ठोका उजव्या अलिंदातून निघतो. मग सगळेच कप्पे धडधडतात, प्रेम असो वा परीक्षा!"

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा तिची कडी काढून बघा. आत कुणाच्या तरी बोटांची मेहनत असते.

संध्याकाळी मी भोंग्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर.

"अगंबाई, ताटाशेजारी हे काय?" आई दचकली.

"आधी जेव," बाबा म्हणाले.

भोंग्याने लाल रंगात कुंचला बुडवला. "आई, बाबा, माझं ठरलंय. मोठेपणी मी असेच नमुने घडवणार. आणि आज आधी याची डावी बाजू, मग माझं जेवण!"